काळ्या घोड्याची शेपटी

रफूवाल्या काकांच्या दुकानावर दोन ओळींची पाटी होती. पहिली ओळ, 'आमचा रफू दिसत नाही'. दुसरी, 'सोमवारी बंद'. चाळीस वर्षं या दोन्ही ओळी तंतोतंत खऱ्या होत्या. गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून "अहो, भोक होतं तरी कुठे?" असं विचारायला लागलं, की काकांचं पोट भरायचं. दुसरी कसली हौस त्या माणसाला नव्हती. त्यामुळे त्या रविवारी शहरातल्या मोठ्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी जे जाहीर केलं, ते त्यांच्या मते अगदी किरकोळ होतं.

"दहा मिनिटांचं काम आहे," काका म्हणाले. "आत शिरायचं, पडद्यासमोर उभं राहायचं. मी घोड्याच्या शेपटीतला माझा रफू दाखवणार, तुम्ही बघणार. बाहेर येऊन चहा."

"जो रफू दिसतच नाही, तो दाखवणार कसा, दाजी?" मेव्हण्यांनी विचारलं.

हा प्रश्न काकांना घरून निघण्याआधी सुचायला हवा होता. तो सुचला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. मेव्हणे, म्हणजे काकांच्या बायकोचे थोरले भाऊ, वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांच्या तराजूची पारडी उलटी करून खाली काही चिकटवलंय का ते पाहिलं, आणि निवृत्त झाल्यावर तीच नजर नातेवाइकांवर लावली. तिसरी होती काकांची लेक. ती एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. आज मात्र या दोघांना एकमेकांपासून हातभर दूर ठेवणं एवढंच तिचं काम होतं.

प्रकरण एकतीस वर्षांपूर्वीचं. संग्रहालयातला भिंतभर विणलेला पडदा कोठीत पडून पडून कसरीने खाल्ला. वरिष्ठांना कळायच्या आत तो नीट व्हावा म्हणून तेव्हाचे अधिकारी काकांना मागच्या दाराने आत घेऊन गेले. कागद नाही, सही नाही, कुठे वाच्यता नाही. अकरा दिवस काका एका खोलीत बसून रफू करत होते. सगळं जमलं, पण काळ्या घोड्याची शेपटी काही जमेना. काळ्यातही शंभर काळे असतात. एक उजेडात तांबूस दिसतो, एक निळसर, एक नुसताच मळकट. बाजारातले सगळे धागे झाले आणि काका घरी येऊन डोक्याला हात लावून बसले. बायको समोर केस विंचरत होती. तिने मानेजवळची एक बट कापली आणि रंग जुळवायला आणलेल्या त्यांच्या नमुन्याच्या चिंधीवर ठेवली. ठेवली आणि ती दिसेनाशीच झाली.

"घ्या," ती म्हणाली. "पण मी कुठे टांगलेय ते एकदा मला दाखवायला न्यायचं."

"पुढच्या आठवड्यात जाऊ," काका म्हणाले.

दुकानाची सुट्टी सोमवारी, आणि संग्रहालयाचीही सोमवारीच. रविवार म्हणजे गिऱ्हाइकांचा दिवस, तो सोडवेना. अशी तीस वर्षं गेली. बायको शेजारीपाजारी हसत सांगायची, "मी संग्रहालयात असते हो, घरी नुसती स्वयंपाकाला येते." गेल्या वर्षी ती गेली. आणि आता वर्ष झालं म्हणून नातेवाईक जमलेले असताना मेव्हणे सहज बोलून गेले, "बिचारी शेवटपर्यंत त्या घोड्याच्या गोष्टीवर विश्वास ठेवून होती. खुळीच होती माझी बहीण."

काकांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांना बाकी काही नको होतं. ती खुळी नव्हती, एवढं एक वाक्य या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रविवारी दुकानाला कुलूप लावलं.

आत शिरतानाच खिसे रिकामे करायला लावले. काकांच्या खिशातून छोटी कात्री, बोटात घालायचं टोपण, भिंग आणि मेणाचा तुकडा निघाला. मेव्हण्यांची पोलादी टेप निघाली, कारण ते टेपशिवाय घराबाहेर पडत नसत. सगळं एका टोपलीत गेलं. राहिली ती कॉलरच्या मागे खोचलेली सुई. ती चाळीस वर्षं तिथेच असायची, कोट कुठलाही असो. नाकावरचा चष्मा माणूस शोधत फिरतो ना, तशी ती काकांच्या लेखी नव्हतीच. तपासणीच्या कमानीलाही एवढ्याशा सुईचं काही वाटलं नाही.

पहिल्या दालनात दगडी माणसं होती आणि एकालाही धड दोन हात नव्हते. काका खिन्न होऊन त्या थोट्या माणसांकडे बघत राहिले. मोडकं असलं तर इथे दिवे लावून मांडतात, खाली पाटी लावतात. सांधलं तर कोणी नावसुद्धा विचारत नाही, असं त्यांच्या मनात आलं.

तोवर मेव्हणे एका पुतळ्यापुढे थबकले. "उंची एकशे ब्याऐंशी लिहिलीय. वाटत नाही. दाजी, तुमची ती कापडी टेप द्या जरा."

कापडी टेप खिशात राहिली होती, कारण ती कोणी धोक्याची मानली नव्हती. काकांनी ती दिली. इथेच चुकलं.

"साहेब, मोजायला मनाई आहे," मिशीवाला पहारेकरी धावत आला.

"कुठे लिहिलंय?"

"हात लावायला मनाई आहे, असं लिहिलंय."

"मी हात लावलेलाच नाही. टेप लावली. आणि एकशे ऐंशी भरतोय हा. दोन सेंटीमीटर गेले कुठे? तक्रारवही आणा."

"मामा, चला," लेक म्हणाली.

"अगं, पाटीवर लिहिलेलं खोटं निघालं तर माणसाने विश्वास ठेवायचा कशावर?" असं म्हणून त्यांनी तक्रारवहीत अर्धं पान भरलं. पहारेकऱ्याने ते वाचलं, तिघांना नीट न्याहाळलं आणि तेव्हापासून तो त्यांच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून चालायला लागला.

मग जिना, मग चिनीमातीची भांडी, मग तलवारी, मग पुन्हा जिना. सोनेरी चौकटीतले राजेलोक काकांकडे, हा माणूस पैसे न देता आत शिरलाय, अशा नजरेने बघत होते. काकांचे गुडघे बोलायला लागले. कापडाचं दालन त्यांना पक्कं आठवत होतं. दुसरा मजला, शेवटची खोली. ते तिथे पोचले तर खोली पांढरीफटक, रिकामी, आणि छताला तारेने टांगलेला एक लोखंडी दांडा.

काका मटकन खाली बसले. "पडदा काढला वाटतं. दांडा राहिलाय."

"काका, ही कलाकृती आहे," मागून पहारेकरी म्हणाला.

"दांडा?"

"दांडाच." पहारेकऱ्याच्या आवाजात कसलाही अभिमान नव्हता. "कापडं तळघरात नेली, सहा वर्षं झाली. उजेडाने विटतात म्हणून."

तळघरात इतका अंधार होता की आधी काही दिसेचना. हळूहळू समोरची भिंत उजळत गेली आणि तो पडदा दिसला. नदीकाठी उतरलेला घोडेस्वारांचा तांडा, झाडं, पाखरं, तंबू. काका सरळ डाव्या कोपऱ्याकडे गेले. गेली एकतीस वर्षं ते सगळ्यांना सांगत आले होते, डावीकडे खालच्या कोपऱ्यात काळा घोडा, नदीकडे तोंड करून.

डावीकडे खालच्या कोपऱ्यात एक झाड होतं आणि झाडाखाली एक कुत्रं बसलं होतं.

मेव्हण्यांनी कुत्रं नीट पाहून घेतलं. "दाजी, रफू याच्या शेपटीला केला होता का?"

आपण खरंच हे सगळं मनाने रचलं की काय, असं काकांना क्षणभर वाटलं. वयाचं काही सांगता येत नाही. अकरा दिवस, ती खोली, ती बट, सगळंच.

"बाबा, तो बघा काळा घोडा," लेक म्हणाली. "उजवीकडे आहे."

"तीस वर्षं डावीकडे होता," मेव्हणे म्हणाले. "आज चरायला तिकडे गेला असेल."

आणि मग काकांच्या डोक्यात उजेड पडला. रफू नेहमी मागून करतात. अकरा दिवस तो पडदा मेजावर पालथा पडला होता. काकांनी त्याची पाठ टाक्याटाक्याने पाठ केली होती, पण त्याचं तोंड त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पडदा भिंतीवर चढला तेव्हा ते दुकानात कुणाच्या तरी विजारीचा गुडघा सांधत होते. त्यांच्या मनातला घोडा जन्मभर उलटाच होता.

"आरसा आहे का गं तुझ्याकडे?" त्यांनी लेकीला विचारलं.

"कशाला?"

"मला तो होता तसा बघू दे. मग शेपटीत नेमकं कुठे ते सांगतो."

लेकीने पर्समधला छोटा आरसा दिला. काका पडद्याकडे पाठ करून उभे राहिले, आरसा डोळ्यांसमोर धरला आणि खांद्यावरून मागे बघत एकेक पाऊल मागे सरकायला लागले. अंधारात आरशात नुसता त्यांचाच कान दिसत होता. आणखी एक पाऊल. पडद्यापुढे गुडघ्याएवढ्या उंचीवर एक जाड दोरी बांधली होती. ती आरशात दिसली नाही.

काका दोरीवर बसले. दोरीचा खांब आडवा झाला. काका धडपडत उभे राहिले ते थेट पडद्याला टेकून, आणि भोंगा वाजायला लागला.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा," पहारेकरी ओरडत आला.

"होता येत नाही."

"म्हणजे?"

"कॉलरमागे सुई आहे माझी," काका अगदी हळू म्हणाले. "ती पडद्यात अडकलीय. मी हललो तर धागा निघेल."

पहारेकऱ्याच्या मिशा खाली आल्या. चारशे वर्षं जुन्या पडद्याला एक म्हातारा सुईने टाचला गेलाय, असा प्रसंग त्याला शिकवलेल्या यादीत नव्हता. त्याने जतन विभागाच्या बाईंना बोलावणं धाडलं आणि भोंगा बंद करायला गेला, पण त्याला किल्ली लागेना. तेवढ्यात पर्यटकांचा एक घोळका आत आला. त्यांनी भोंगा ऐकला, हातात आरसा धरून ताठ उभ्या राहिलेल्या काकांकडे पाहिलं, भिंतीवरची पाटी वाचली, पुन्हा काकांकडे पाहिलं. एक बाई लेकीला दबक्या आवाजात विचारत होत्या की हे रोज असतात की फक्त रविवारी. वरचा दांडा पाहून आलेल्या माणसांना कशाचंच नवल उरलं नव्हतं.

काकांना मात्र यातलं काही ऐकू येत नव्हतं. उभ्या उभ्या त्यांची नजर हातातल्या आरशात गेली होती. आरशात, खांद्याच्या मागे, वीतभर अंतरावर घोड्याची शेपटी होती. डावीकडे, नदीकडे तोंड करून, अगदी पूर्वी होती तशी. एकतीस वर्षांनी ती इतकी जवळ होती आणि काकांना मान वळवता येत नव्हती. त्यांना बायकोची फार आठवण आली. तिला आणायला हवं होतं. एक रविवार दुकान बंद ठेवलं असतं तर कुणी विजारीवाचून राहणार नव्हतं.

जतन विभागाच्या बाई आल्या. जुन्या कापडांच्या डॉक्टरच म्हणा ना. त्यांनी हातमोजे घातले, कपाळावर दिवा बांधला आणि चिमट्याने सुई सोडवायला घेतली.

"मी करू का? दोन मिनिटांत होईल," काका म्हणाले.

"तुम्ही श्वाससुद्धा घेऊ नका," बाई म्हणाल्या.

काकांनी श्वास धरला आणि आरशातून बाईंचा हात पाहिला. हात चांगला होता. धाग्याचा एक फास उचलला गेला होता, तो त्यांनी जागच्या जागी बसवला. सुई सुटली. काका दोन पावलं पुढे आले आणि मान खाली घालून उभे राहिले.

"सुई घेऊन आत कशाला आलात?" बाईंनी विचारलं.

काकांऐवजी मेव्हण्यांनीच सगळं सांगितलं. मागचं दार, अकरा दिवस, शेपटी. केसांचं मात्र ते बोलले नाहीत. बहिणीचं हसं परक्यांपुढे कशाला, असं त्यांना वाटलं असावं. बाईंनी हातातल्या यंत्रावर नोंदी पाहिल्या.

"या पडद्याला कधीही रफू झालेला नाही," त्या म्हणाल्या. "विशेषतः शेपटीला तर नाहीच. तीच तर एक जागा आहे जिथे मूळ रंग टिकलाय. पाटी वाचा ना."

मेव्हण्यांनी पाटी मोठ्याने वाचली. बाकीच्या घोड्याचा काळा काळाच्या ओघात विटून तपकिरी झाला असून, केवळ शेपटीतील एका बटेत मूळचा अस्सल काळा आजही पाहायला मिळतो.

काकांनी वळून पहिल्यांदाच घोडा जवळून, समोरून पाहिला. घोडा जुन्या चहासारखा झाला होता. शेपटीसुद्धा. आणि तिच्या मधोमध एक बट, कालच तेल लावून विंचरल्यासारखी, काळीभोर.

"कॉलेजची मुलं येतात तो रंग अभ्यासायला," बाई म्हणाल्या. मग काकांचा चेहरा पाहून त्या जरा नरमल्या. "तरीही तुम्ही एवढं म्हणताय तर तपासू या. तिथला एक धागा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की लगेच कळेल, मूळचं रेशीम आहे की मागाहून भरलेलं काही."

"तपासाच," मेव्हणे म्हणाले. ते माणूस म्हणून खरे होते, एवढं मान्य करायला हवं. "मी साक्षीदार. खरं निघालं तर दाजी, इथे सगळ्यांदेखत कान धरतो. माझी बहीण शहाणी आणि मी खुळा, असं त्या वहीत लिहून देतो."

याचसाठी काका जिने चढले होते. ते वाक्य आता दोन मिनिटांवर आलं होतं.

"आणि मागाहून भरलेलं निघालं तर?" काकांनी विचारलं.

"तर ती बट काढावी लागेल. मूळचं नसलेलं आम्ही ठेवत नाही, नियमच आहे."

"काढलेलं कुठे ठेवता?"

"ठेवत नाही. कसर पसरायची भीती असते. जाळतात."

काका त्या बटेकडे बघत राहिले. एकदा जाळून झालं होतं. त्याला वर्ष झालं होतं. पुन्हा ते त्यांना जमणार नव्हतं.

"काही तपासू नका," ते म्हणाले. "मी खोटं बोललो."

तळघरात शांतता पसरली, कारण नेमकी त्याच वेळी पहारेकऱ्याला भोंग्याची किल्ली सापडली.

मग तीच तक्रारवही आली. मेव्हण्यांनी भरलेल्या अर्ध्या पानाखाली काकांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं: 'मी या संग्रहालयातील कोणत्याही कापडाला कधीही रफू केलेला नाही. तसे सांगून मी घरच्यांची व कर्मचाऱ्यांची दिशाभूल केली. माफी असावी.' खाली सही केली. त्यांची सुई एका पाकिटात घालून, वर क्रमांक टाकून जप्त झाली.

मेव्हण्यांना जिंकल्याचा आनंद काही झाला नाही. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, दाजी. मला माहीतच होतं. तुम्ही सांगायचात, ती ऐकायची. भोळी होती."

"हो," काका म्हणाले. तो एक शब्द उच्चारणं त्यांना फार जड गेलं.

मेव्हणे आपली टेप सोडवून घ्यायला पुढे गेले. काका जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबले, कारण लेक अजून खालीच होती. ती पडद्यापुढे उभी होती. बऱ्याच वेळाने ती वर आली आणि काकांचा दंड धरून चालायला लागली.

"आईचे केस आहेत ना ते?"

"मी खोटं बोललो म्हणून सांगितलं ना मघाशी."

"बाबा, शाळेत असल्यापासून मी तिची वेणी घातलीय. मला दारातूनच दिसले."

काका चार पायऱ्या चढले. डोळे पुसायला त्यांनी रुमाल काढला, तो नाकाशी धरला आणि तसेच थबकले.

"दारातून?"

"हो."

"म्हणजे पंधरा-वीस फुटांवरून."

"असेल तेवढं. का?"

चहा कोणीच घेतला नाही. घरी जाईपर्यंत काका एकदाच बोलले, तेही स्वतःशीच. "धागा विटेल आणि केस विटणार नाहीत, हे मी धरायलाच हवं होतं."

त्यानंतर दुकान सोमवारीही उघडं दिसायला लागलं. पाटीवरची दुसरी ओळ बदलली होती, आता तिथे 'रविवारी बंद' होतं. आणि पहिल्या ओळीवर रंगाचा जाड पट्टा फिरवला होता. तो पट्टाही नीट जमला नव्हता, खालची अक्षरं दिसत होती.

"हे काय, काका?" एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं. "ती ओळ का पुसलीत? तुमचा रफू दिसत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे."

"एक दिसतो," काका म्हणाले, आणि नवी सुई कॉलरमागे न खोचता त्यांनी डबीत ठेवून दिली.